कामठा रोडची डावी बाजू

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार. फुलचूर

राइस मिलमध्ये एकतीस वर्षं मिस्त्री होतो तेव्हा रोज संध्याकाळी मशीनचं लॉगबुक भरायचो. कोणता बेल्ट तुटला, कोणती बेअरिंग गरम झाली, चूक कोणाची. रिटायर होऊन वर्ष झालं, तेव्हापासून काही लिहिलेलं नाही. आज लिहायला बसलो, कारण आजची गोष्ट मी कोणाला सांगणार नाही.

शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. मला वाटत होतं चष्म्याचा नंबर बदलला असेल. त्याने एका मशीनमध्ये डोकं ठेवायला लावलं आणि दिवा चमकला की बटण दाबा म्हणाला. मी दाबत गेलो. चांगलं चाललं आहे असंच वाटत होतं. मग त्याने कागद समोर धरला. त्यावर जिथे काळं होतं तिथे दिवा चमकला होता आणि मी बटण दाबलं नव्हतं. डावीकडचा कागद जवळजवळ सगळा काळा.

काचबिंदू. डावा डोळा गेल्यात जमा. उजव्याचं मधलं तेवढं शिल्लक. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायला सकाळ-संध्याकाळ थेंब टाकायचे. गाडी चालवायची नाही. मी विचारलं, सायकल? तो हिंदीत म्हणाला, चाचा, सायकलसुद्धा गाडीच असते.

घरी बायकोला, नूतनला, सांगितलं, नंबर वाढला आहे. थेंबांची बाटली घराला लागून असलेल्या सपरीतल्या हत्यारपेटीत पान्यांच्या खाली ठेवली. त्या पेटीला ती कधी हात लावत नाही.

बाटली ठेवून वळलो तर वर आडव्या लाकडी बल्लीला टांगलेली माझी जुनी रेसर सायकल दिसली. बरोबर समोर असलेलं मला अजून चांगलं दिसतं.

७ नोव्हेंबर

रेसर खाली उतरवली. १९८३ साली कॉलेजच्या सायकल शर्यतीत पहिला आलो तेव्हा बाबांनी नागपूरहून आणून दिली होती. निळा रंग, मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल, मागे पाच गियर. तेव्हा गोंदियात अशा दोनच होत्या. आता रंगाचे पापुद्रे सुटले आहेत, चेन गंजून काठीसारखी ताठ झाली आहे, टायर हातात भुकटी होऊन आले.

ठरवलं आहे. ही दुरुस्त करायची, आणि डोळे आहेत तोवर एकदा कामठ्याला जाऊन यायचं. जुना सरावाचा रस्ता तोच. एकदाच. ते झालं की नूतनला डोळ्यांचं सांगून टाकीन. त्याआधी सांगितलं तर ती मला सायकलला हात लावू देणार नाही, आणि मग माझ्याकडे काय राहील, खुर्ची आणि रेडिओ.

१५ नोव्हेंबर

मागच्या चाकाचा एक्सल उघडला. छर्रे जमिनीवर सांडले. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. सगळी सपरी गुडघ्यावर बसून शोधली, हाती आले अकरा. ज्या माणसाने अंधारात हात घालून इंजिनाची बेअरिंग बदलली, त्याला दुपारी बारा वाजता उन्हात छर्रे सापडू नयेत. इतका राग आला की पाना भिंतीवर फेकला.

जेवून परत आलो तर ओट्यावर वाटीत अठरा छर्रे होते. बहुतेक मीच उचलून ठेवले असतील आणि रागात विसरलो असेन.

नूतनच्या सवयी अलीकडे बिघडल्या आहेत. सारखी आवाज करत फिरते. खोलीत आली की "मी आली जी" म्हणते, जसं मला माहीत नाही घरात कोण आहे ते. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले आणि काल तिने पायऱ्यांच्या कडांना चुन्याचे पांढरे पट्टे मारले. विचारलं तर म्हणाली, बरे दिसते. मला अजिबात बरे दिसत नाहीत.

२४ नोव्हेंबर

नुसती फ्रेम घेऊन देवीदासकडे गेलो. फुलचूरच्याच नाक्यावर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्याच वयाचा. कॉलेजात आम्ही बरोबर सराव करायचो, दुसरी रेसर त्याची होती, कॉलेजने दिलेली. सायकलीवर तो माझ्यापेक्षा चांगला होता हे मी तेव्हा कधी बोललो नाही. आता लिहायला हरकत नाही. नंतर मी मिलमध्ये लागलो, त्याने दुकान टाकलं. लग्नकार्यात भेट व्हायची. आमच्या घरचं त्याच्या घरी फार जाणं-येणं नव्हतं, आणि ते का नव्हतं हे आम्हा दोघांना माहीत होतं.

त्याने फ्रेम उलटसुलट करून बघितली. मग बोटाने निळा रंग खरवडला आणि म्हणाला, "अजून जिती हाय गा हे. बाकीचं बी आन दुकानात. पाहू."

८ डिसेंबर

रोज दुपारी दुकानात जातो. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, देवीदास काढतो, बाकीचं मी करतो. सत्तावीस इंची बारीक टायर कुठेच मिळेना. त्याने रायपूरच्या कोणाला तरी फोन करून मागवले. ब्रेक पूर्ण नवे बसवले, तार, शू, सगळं. ते काम त्याने मला करू दिलं नाही. म्हणाला, ब्रेक माझे.

आज पॅडलच्या दांड्याची कॉटर पिन निसटून पडली. मी शोधत होतो. तो काम थांबवून माझ्याकडे बघत राहिला.

"तुले बरोबर दिसते ना गा?"

"दिसते. काऊन?"

"कॉटर तुह्या डाव्या पायाजवर हाय. तू तिकडे हुडकून राह्यलास."

मी म्हणालो, सावली पडली होती. तो परत चाकाकडे वळला.

थेंब टाकायचे आठवडाभर राहूनच गेले. पण बाटली भरलेलीच आहे. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात, औषध महिनाभर पुरतं म्हणाला होता, माझं महिना उलटून गेला तरी संपत नाही.

२२ डिसेंबर

आज अंगणात भिंतीसमोर उभा राहून एक प्रयोग केला. भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघायचं आणि हात बाजूने हळूहळू समोर आणायचा, कुठे दिसतो ते बघायचं. उजवा हात खांद्याच्या पुढे बराच आल्यावर दिसला. डावा आलाच नाही. मी तो आणत राहिलो, आणत राहिलो, आणि शेवटी बोटं नाकाला लागली.

न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. माझं वय एकसष्ट. माझे वडील अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले. म्हणजे सत्तावीस वर्षं. सत्तावीस वर्षं अंधारात माणूस काय करतो? कोणी हात धरून संडासात नेऊन बसवायचं, ताटात भात कुठे आणि वरण कुठे ते सांगायचं. मुलगी रुचिका नागपूरहून सुट्टीत येईल तेव्हा मी तिच्या आवाजाकडे तोंड करून हसेन. यापेक्षा मिलच्या पट्ट्यात हात गेला असता तर बरं झालं असतं. हे वाक्य लिहिलं, खोडणार नाही. आज मला खरंच असं वाटलं.

नूतनने बाहेरून विचारलं, तब्येत बरी नाही काय. मी म्हणालो, पोट. तिने ओव्याचं पाणी करून दिलं आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहिली.

१२ जानेवारी २०२५

झाली. उभी आहे समोर. निळा रंग परत निळा झाला, गियर एकेक दाताने खाली उतरतात, मागचं चाक फिरवलं की बारीक भुंग्यासारखा आवाज येतो. देवीदासने दुकानासमोर एक चक्कर मारली. साठीचा माणूस, पण पाठ तशीच वाकवली. दुकानापुढची माणसं बघत राहिली. उतरून म्हणाला, पुढच्या रविवारी दोघं जाऊ कामठ्याले, मी माझी घेतो.

मी हो म्हणालो. पण त्याच्याबरोबर जायचं नाही. तो बाजूने चालवेल आणि त्याला कळेल.

१९ जानेवारी, रविवार

क्रमाने लिहितो.

सकाळी सातला निघालो. देवीदासला सांगितलं होतं आठ. धुकं होतं पण पातळ. पहिले तीन-चार किलोमीटर मी एवढा आनंदात होतो की डोळ्यांचं विसरलो. समोरचा रस्ता अगदी स्वच्छ दिसत होता, नळीतून बघितल्यासारखा. चौथा गियर टाकला. वाटलं, डॉक्टर खोटं बोलला.

मग धडक बसली. कशाला बसली ते मला आधी कळलंच नाही. मी रस्त्यावर पडलो, आणि पडल्यावर ऐकलं, एक बाई कण्हत होती. लाखोळीची भाजी सगळीकडे विखुरली होती. ती शेतातून भाजी खुडून रस्त्याच्या कडेने चालली होती. डाव्या कडेने. मला ती दिसली नाही. एक क्षणही दिसली नाही. तिचं मनगट वाकडं झालं होतं आणि ती सारखी म्हणत होती, माह्यावाली भाजी, माह्यावाली भाजी.

शेतातली माणसं धावून आली. ऑटोत घालून तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं, मीही बरोबर गेलो. मनगटाचं हाड दोन जागी मोडलं आहे. सुशीलाबाई नाव आहे. कामठ्याच्या अलीकडच्या गावची, वय पासष्टच्या आसपास, नवरा नाही. मुलगा केवळराम थोड्या वेळाने आला. त्याने मला विचारलं, एवढी म्हातारी बाई दिसली नाही काय तुम्हाले.

मी म्हणालो, "दिसली. ब्रेक लागले नाही."

"कोनी बसवले ब्रेक?"

मी सांगितलं.

हे लिहिताना मला कळतं आहे मी काय केलं. त्या वेळीही कळलं होतं. तोंडातून नाव बाहेर पडलं आणि एवढं हलकं वाटलं की मी पाणी मागून प्यालो.

२१ जानेवारी

काल केवळराम आणि त्याच्या गावची चार-पाच माणसं देवीदासच्या दुकानावर गेली. मी रस्त्याच्या पलीकडे पानठेल्यावर होतो. त्यांनी त्याला दुकानाच्या बाहेर बोलावलं. केवळराम ओरडत होता, कामाची अक्कल नाही तर दुकान कायले टाकलं. मग एकाने त्याच्या जातीचंही नाव काढलं. देवीदास हात पुसत उभा होता. त्याने एकदा रस्त्याच्या पलीकडे बघितलं. मी त्याला दिसलो की नाही ठाऊक नाही. मी पानठेल्याच्या मागे सरकलो.

घरी आल्यावर नूतनने विचारलं, ब्रेकचं खरं आहे काय. मी हो म्हणालो. ती स्वयंपाकघरात गेली आणि मला बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

२४ जानेवारी

देवीदास घरी आला. ओट्यावर बसला नाही. रेसर सपरीत होती, तिच्यापाशी गेला. पुढचं चाक वर उचलून फिरवलं, ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी थांबलं. मागचं फिरवलं, थांबलं. मग सायकल अंगणात घेतली, बसून जोराने फाटकापर्यंत गेला आणि दोन्ही ब्रेक दाबले. मातीत टायरचा चर पडला.

"लागते," तो म्हणाला.

"त्या दिवशी नव्हते लागले."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मग अचानक बाजूला सरकला, माझ्या डावीकडे, आणि तिथे न बोलता उभा राहिला. मी समोर बघत होतो. मला वाटलं तो गेला. मी वळलो तेव्हा तो एक हात अंतरावर होता आणि त्याचा तळहात माझ्या कानाजवळ हवेत होता.

त्याने हात खाली घेतला. "बरं," म्हणाला आणि गेला. चप्पल घालताना पट्टा तुटला, ती हातात घेऊन अनवाणी गेला.

२ फेब्रुवारी

नाक्यावरून दोनदा गेलो. त्याच्या दुकानापुढे पूर्वी दहा-बारा सायकली उभ्या असायच्या. आज एक होती, तीही त्याचीच. शाळेतली पोरं आता पलीकडच्या दुकानात हवा भरतात. तो स्टुलावर बसून जुन्या ट्यूबचे तुकडे कापत होता, ज्याची काही गरज नसावी.

त्याने कोणालाच काही सांगितलं नाही. त्याला कळलं आहे आणि त्याने सांगितलं नाही. हेच सहन होत नाही. त्याने नाक्यावर उभं राहून ओरडून सांगितलं असतं, हा आंधळा आहे आणि खोटारडा आहे, तर मी निदान त्याच्यावर रागावू शकलो असतो.

रेसरकडे बघवत नाही. तिच्यावर धान्याचं पोतं टाकून ठेवलं आहे.

चार रात्री झोप नाही. आज जेवताना घास तोंडापर्यंत नेला आणि तसाच थांबलो. नूतन म्हणाली, "काही सांगाचं हाय काय जी?" मी नाही म्हणालो. एवढं साधं विचारलं तिने, आणि मी नाही म्हणालो.

५ फेब्रुवारी

सकाळी दुकानात जाऊन देवीदासला म्हणालो, माझ्यासोबत सुशीलाबाईकडे चल. त्याने दुकानाला कुलूप लावलं. ऑटोने आम्ही तिच्या गावी गेलो.

सुशीलाबाई ओसरीत बसली होती, हात प्लास्टरमध्ये. केवळराम घरी होता. देवीदासला बघून तो उठून उभा राहिला. मी बसायच्या आधीच बोललो, बसलो असतो तर हिंमत राहिली नसती.

"ब्रेक चांगले होते. यानं चांगलेच बसवले होते. मले तुमी दिसल्याच नाही. माहे डोळे गेले हायेत. मले मालूम होतं आणि मी सायकल काढली."

केवळराम काही बोलायला लागला पण म्हातारीने त्याला हाताने थांबवलं.

"म्हंजे मी मधात नाही आली?"

मला आधी कळलं नाही ती काय विचारते आहे. मी म्हणालो, नाही, तुम्ही कडेलाच होत्या.

ती रडायला लागली. दवाखान्यातून आल्यापासून घरातले तिला सांगत होते, ब्रेक नसला तरी तूच रस्त्याच्या मधात आली असशील, तुले आता काही समजत नाही, शेतात जायचं नाही, घरी बस. तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. रोज पडल्या पडल्या ती आठवायची, मी कडेला होती की मधात होती. सतरा दिवस.

"ऐकलं काय रे बाबू," ती मुलाला म्हणाली. "मी कडेलेच होती."

केवळराम खाली बघत राहिला. मग देवीदाससमोर जाऊन थांबला. आत जाऊन पाणी घेऊन आला. देवीदासने पेला घेतला, बराच वेळ हातात धरला, मग प्यायला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, देवीदास, मला माफ कर.

"डोळ्यानं दिसत नव्हतं ते समजलं," तो म्हणाला. "जिभेले काय झालं होतं?"

तो दुसऱ्या ऑटोने गेला.

घरी येऊन नूतनला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, काळा कागद, ब्रेक, देवीदास. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"डोळ्याचं मले तान्ह्या पोळ्यापासून मालूम हाय, डॉक्टरच्या दोन महिने आधीपासून," ती म्हणाली. "बाजूच्या पोराच्या लाकडी बैलावर पाय देला तुमी. पोरगा रडत होता आन तुमी समोर पाहून हासत होते."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुमी सांगाल म्हणून थांबली. पेटीत नवी बाटली मीच ठेवत गेली. तुमी हत्यारपेटीले सांगतलं, मले नाही."

मी देवीदासचं विचारलं. ब्रेकचं खोटं आहे हे तिला कळलं होतं काय. ती म्हणाली, कळलं होतं. आणि ते मात्र तुमच्या तोंडून येईपर्यंत मी तुमच्याशी नीट बोलू शकत नव्हते.

माझ्याच घरात मी एकटा आहे असं तीन महिने मी समजत होतो. एकटी ती होती.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरकडे नूतनही आली. मधलंही थोडं कमी झालं आहे. आता थेंब ती टाकते. सुशीलाबाईंकडे ती दर दोन-तीन दिवसांनी जाऊन येते, त्यांच्या सुनेच्या हाताखाली धुणं-भांडी करते. मला वाईट वाटतं, माझ्या चुकीचं काम ती करते. म्हणाली, तुम्ही गेले तर तिथे अजून एक भांडं फोडाल.

मी नाक्यावर ज्याला त्याला थांबवून सांगतो, ब्रेक चांगले होते, दोष माझा होता. काही ऐकतात, काहींना वाटतं म्हातारा दोस्ताला वाचवून राहिला आहे. खोटं एकदा सांगितलं की पुरतं. खरं किती वेळा सांगावं लागतं त्याचा हिशोब नाही. देवीदास बोलत नाही. मी दुकानासमोर उभा राहतो, तो काम करत राहतो, मी परत येतो.

१६ मार्च, रविवार

अक्षरं मोठी काढतो आहे, ओळ वर-खाली होते, होऊ दे.

आज सकाळी फाटकाजवळ घंटी वाजली. देवीदास होता, त्याची रोजची काळी सायकल घेऊन, मागे कॅरिअर असलेली. आत ये म्हणालो तर आला नाही. सपरीकडे बघून विचारलं, रेसर हाय काय. मी म्हणालो, हाय.

"काढ. कामठ्याले चाल. मी बाजूनं चालवतो आन सांगत जातो, कोन येऊन राह्यलं, कुठून येऊन राह्यलं."

पोतं बाजूला केलं. हँडलवर हात ठेवला. टायरमध्ये हवा अजून कडक होती. नूतन दारात उभी होती, ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तेवढ्या वेळात माझ्या मनात सगळा रस्ता येऊन गेला. चौथा गियर, धुकं, तो भुंग्यासारखा आवाज. देवीदास सांगत राहिला असता तर बहुतेक जमलंही असतं. आणि रस्त्याच्या कडेला सकाळी मोहफुलं वेचायला बाया निघालेल्या असतात.

मी पोतं परत टाकलं.

"मले डावीकडचं दिसत नाही गा," म्हणालो. "तूच चालव."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग हाताने कॅरिअरवरची धूळ झटकली.

"बस," म्हणाला.

आयुष्यात कोणाच्या मागे बसलो नव्हतो. पाय कुठे ठेवायचे तेही माहीत नव्हतं. तो वाटेत फार बोलला नाही. डावीकडे बैलबंडी, एवढंच एकदा म्हणाला. पाण्याच्या नहरावरच्या पुलाच्या चढावर त्याला दम लागला. मी खाली उतरलो. तोही उतरला, सायकल हातात धरली, आणि पूल संपेपर्यंत आम्ही पायी गेलो. तो माझ्या डाव्या बाजूने चालत होता.